भाद्रपदी पौर्णिमेचा चिनी सण, त्यामागच्या लोककथा आणि छ्येनथांगची भरती

पैनगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी वाशीम जिल्ह्यात पैनगंगेकाठच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. माझा पुतण्या चीनच्या झेजियांग प्रांतातील यिवू या व्यापारी शहरात एका निर्यातदाराकडे कामाला आहे. त्याने यंदा सप्टेंबरात मला आठ दिवसांसाठी तिकडे बोलावले असून येण्याच्या तारखाही त्यानेच ठरवल्या आहेत. २५ सप्टेंबर २०२६ रोजी, म्हणजे आपल्याकडे अनंत चतुर्दशी असेल त्या दिवशी, चिनी लोकांचा मध्यशरदाचा सण आहे आणि २८ तारखेला हांगझोऊजवळ समुद्राची भरती छ्येनथांग नदीत शिरताना पाहण्यासाठी लाखो माणसे जमतात, असे तो सांगतो.

वर्गात हे सहज बोलून गेलो आणि मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. हा सण सुरू कसा झाला, हा त्यांतला पहिला प्रश्न. मी शोधले तेव्हा तीन निरनिराळी उत्तरे सापडली. एका ठिकाणी अमरत्वाचे औषध प्राशन करून चंद्रावर गेलेल्या स्त्रीची कथा आहे, दुसऱ्या ठिकाणी मंगोल सत्तेविरुद्धच्या उठावाची चिठ्ठी मिठाईत लपवून पाठवल्याची, आणि तिसरीकडे हा केवळ सुगीचा सण असल्याचे म्हटले आहे. यांतले मूळ कोणते मानावे?

दुसरी शंका माझी स्वतःची आहे. भरती पौर्णिमेला मोठी असते असे आम्ही पुस्तकातून शिकवतो. मग ही भरती पाहण्याचा दिवस पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी का?

तिसरी गोष्ट सांगताना थोडा संकोच वाटतो. वयाची सत्तेचाळीस वर्षे झाली, परंतु मी अद्याप समुद्र पाहिलेला नाही. सहलीचा योग दोनदा जुळून आला आणि दोन्ही वेळा ऐन वेळी मोडला. त्या दिवसांत सोयाबीनची सोंगणी तोंडावर असते, त्यामुळे आठ दिवसांपेक्षा अधिक राहणे शक्य नाही. पहिला समुद्र म्हणून ही जागा कशी आहे, हे कोणी पाहून आलेल्याने सांगितल्यास उपकार होतील.

कारंजेकर

सर, मी मूळचा कारंजा तालुक्यातला. यिवूच्या घाऊक बाजारात दुभाष्या म्हणून सहा वर्षे काढली आणि आता गावी परतून शेती पाहतो. दोन मध्यशरद सण तिथल्या एका सहकाऱ्याच्या खेड्यातील घरी जेवून साजरे केले आहेत, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

तीन कथांतली खरी कोणती, असे आपण विचारले आहे. माझ्या समजुतीप्रमाणे या सणात पूजा आधीची आहे आणि कथा तिला मागाहून येऊन चिकटल्या आहेत. ‘मध्यशरद’ हा शब्दच मुळी झोउ काळच्या विधींचे वर्णन करणाऱ्या प्राचीन ग्रंथात येतो आणि तिथे तो सणाचे नाव म्हणून येत नाही. शरदाच्या मध्यावर रात्री मातीचे ढोल वाजवून थंडीचे स्वागत करावे, एवढाच त्याचा संदर्भ आहे. राजाने वसंतात सकाळी सूर्याची आणि शरदात संध्याकाळी चंद्राची पूजा करावी, अशीही रीत होती. बीजिंगमध्ये या राजपूजेसाठी १५३० साली बांधलेली चंद्रवेदी आजही आहे आणि तिच्या आवारात सार्वजनिक बाग आहे. खेड्यांत याच सुमारास पीक हाती आले की भूमिदेवाचे आभार मानण्याची पद्धत होती. आपण खळ्यावर रास पुजतो, तिच्याशी नाते सांगणारीच ही गोष्ट. पुढे तांग राजवटीत पौर्णिमेचा चंद्र पाहत बसण्याचा शौक शहरांत पसरला आणि सुंग राजवटीत आठव्या महिन्याची पंधरावी तिथी हा सर्वांचा सण म्हणून स्थिर झाला. सरकारी सुटी मात्र अगदी अलीकडची, २००८ पासूनची आहे.

आता चांग-अची कथा. (आपल्या वर्तमानपत्रांत चिनी चांद्रयानांच्या बातम्यांत ‘चांगई’ असे छापतात, ती हीच.) आकाशात दहा सूर्य एकदम उगवले, धरती करपू लागली, तेव्हा हौ यी नावाच्या धनुर्धराने त्यांतले नऊ पाडले. त्याला पश्चिमेच्या राणीमातेकडून अमरत्वाचे औषध मिळाले आणि त्याच्या पत्नीने ते घेऊन चंद्र गाठला. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथात ही कथा जेमतेम ओळभर आहे आणि तिथे सरळ म्हटले आहे की, तिने औषध चोरले. तिचे मूळ नावही हंग-अ असे होते. त्या काळच्या एका सम्राटाच्या नावात तोच ‘हंग’ असल्यामुळे ते उच्चारणे वर्ज्य ठरले आणि ती चांग-अ झाली. त्यानंतरच्या एका वृत्तांतात तर चंद्रावर पोहोचताच तिचा बेडूक होतो. १९७२ साली मावांगदुई येथील थडग्यातून निघालेले रेशमी चित्रही ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातलेच आहे. त्यात एका कोपऱ्यात चंद्रकोर आहे आणि तिच्यावर भला मोठा बेडूक व एक ससा बसलेले आहेत. या जुन्या कथेत पौर्णिमेच्या सणाचा उल्लेख कुठेही नाही, हे ध्यानात घ्यावे.

मला जेवणाच्या वेळी त्या घरच्या आजीने जी कथा सांगितली, तीत चोरी नव्हतीच. हौ यी शिकारीला गेलेला असताना त्याचाच एक दुष्ट शिष्य औषध हिसकावण्यासाठी घरात घुसतो आणि ते त्याच्या हाती पडू नये म्हणून ती स्वतः पिऊन टाकते. नवरा परत येतो तो अंगणात तिच्या आवडीची फळे मांडून चंद्राकडे पाहत बसतो, आणि म्हणून आपण आज फळे मांडतो. कथेने सणाचे कारण पुरवले ते असे, सण रुळल्यानंतर.

सशाचे आपल्याला नवल वाटायला नको. चंद्राला शशी आणि शशांक म्हणणारे आपणही तोच डाग पाहून तोच प्राणी ओळखला. फरक इतकाच की, चिनी ससा खलबत्त्यात औषध कुटत बसलेला असतो.

मिठाईतल्या चिठ्ठीची कथा मी थोडक्यात निकालात काढतो. चौदाव्या शतकात मंगोल युआन राजवट उलथली हे खरे. परंतु मूनकेकमध्ये (या सणाच्या पुरण भरलेल्या मिठाईत) निरोप लपवल्याचा उल्लेख त्या काळच्या लिखाणात मिळत नाही. लोकांनी नंतर रचलेली ती रंजक गोष्ट आहे आणि मुलांना तीच सर्वाधिक आवडेल, याबद्दल मला शंका नाही.

एक गोष्ट आपल्या शेताशी संबंधित आहे म्हणून मुद्दाम लिहितो. बीजिंगच्या जुन्या रीतीत चंद्रासमोर मूनकेक, टरबूज, कमळकाकडी, डाळिंबे यांच्याबरोबर कोंबड्याचे फूल आणि शेंगांनी लगडलेली सोयाबीनची डहाळी ठेवत. डहाळी कशासाठी, तर चंद्रावरच्या सशाला चारा म्हणून. आपल्या शिवारातल्या सोयाबीनचा असा कोणी मानकरी असेल, असे मला तोवर वाटले नव्हते.

अकोटची लेक

कारंजेकर दादा, डहाळीचे वाचून फार आनंद झाला. मी अकोट तालुक्यातली. त्या चिनी सणाला आपल्याकडचे लोक सरसकट ‘चिनी कोजागिरी’ म्हणून मोकळे होतात. मला मात्र आपले वर्णन वाचताना सारखी भुलाबाई आठवत होती. आमच्याकडे भुलाबाई बसते ती भाद्रपदी पौर्णिमेला आणि उठते कोजागिरीला. म्हणजे सरांचा पुतण्या ज्या चंद्राखाली मूनकेक कापेल, त्याच चंद्राच्या सुमारास आमच्या गावात कुंभाराकडून भुलाबाई आणि भुलोजी घरी येतील.

साम्य नुसते तिथीचे नाही. भिल्लिणीच्या वेषातल्या पार्वतीला पाहून शंकर भुलला ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे, परंतु महिनाभर अंगणात जे चालते त्याचा त्या कथेशी फारसा संबंध नसतो. मुली घरोघर जाऊन गाणी म्हणतात, गाण्यांत सासर-माहेर असते, आणि मग झाकलेला डबा कानाशी खुळखुळवून आतली खिरापत ओळखायची असते. (आमच्या काकू डब्यात मुद्दाम ओले खोबरे आणि साखर घालत, म्हणजे आवाजच येऊ नये.) कोजागिरीला ज्वारीच्या पाच धांड्यांची खोपी करून तिच्यात भुलाबाई मांडतात. नवे पीक, मातीची मूर्ती, चंद्र आणि बाया हे सारे आधीपासूनचे असावे आणि भिल्लिणीची कथा नंतर आली असावी, असे आता वाटू लागले आहे. अलीकडे सगळे शिवार सोयाबीनचे झाल्यामुळे धांडे मिळवायला तीन-तीन गावे फिरावी लागतात, ते असो.

चांग-अबद्दल एवढेच म्हणेन की, चोरी करून बेडूक झालेल्या बाईला कुठल्यातरी आजीने कथेत बदल करून सोडवले असणार. हे काम पुरुषाचे वाटत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिकडेही हा सण बायकांचाच होता का? आणि गेल्या वर्षी, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, आमच्या कोजागिरीच्याच रात्री चीनमध्ये हा सण असल्याची बातमी वाचली होती. मग यंदा तो एक महिना आधी, भुलाबाई बसण्याच्या वेळी कसा?

कारंजेकर

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय. ‘पुरुषाने चंद्र पुजू नये आणि स्त्रीने चुलीचा देव पुजू नये’ अशी त्यांच्याकडे म्हणच आहे. चंद्र हा यिन, म्हणजे स्त्रीतत्त्वाचा मानला जातो, त्यामुळे उदबत्ती लावून नमस्कार बायका आणि मुलींनी करायचा. पुरुषमंडळी बाजूला बसून फळांची वाट पाहत.

आणि मातीच्या मूर्तीही होत्या. बीजिंगमध्ये या दिवसांत ‘तू-अर-ये’, म्हणजे ‘ससेमहाराज’, विकायला येत. तोंड सशाचे, अंगावर सेनापतीचे चिलखत, पाठीवर निशाण, आणि बसायला वाघ. शहरात साथ आली तेव्हा चंद्रावरच्या सशाने घरोघर फिरून औषध दिले, अशी त्यामागची कथा सांगतात. मोठ्यांची पूजा चंद्राची आणि मुलांची पूजा या सशाची, आणि पूजा आटोपल्यावर तोच त्यांचे खेळणे होई. अर्थात तो फार दिवस टिकत नसे.

अधिक महिन्याचे गणित नवेगावच्या गुरुजींनी सांगावे. ते इथे वाचत असतात.

नवेगावचे गुरुजी

वाचतो आहे. मी गोंदिया जिल्ह्यातला, सेवानिवृत्त भूगोल शिक्षक.

प्रथम ताईंचा प्रश्न. चिनी पंचांगही आपल्यासारखेच चंद्राचे महिने आणि सूर्याचे वर्ष यांची सांगड घालते. आपल्याकडे ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक. त्यांच्याकडेही जवळजवळ हाच नियम आहे. परंतु ते सूर्याचे स्थान संपातापासून (दिवस-रात्र समान असताना सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून) मोजतात आणि आपण नक्षत्रांवरून, त्यामुळे दोघांचा अधिक महिना नेहमी एकाच वर्षी पडत नाही. त्यांचा तो २०२५ मध्ये सहाव्या महिन्यानंतर आला आणि आपला ज्येष्ठ अधिक २०२६ मध्ये. म्हणून गेल्या वर्षी त्यांचा सण पुढे सरकून कोजागिरीवर आला आणि यंदा पुन्हा भाद्रपदावर गेला. बहुतेक वर्षी तो भाद्रपदी पौर्णिमेच्या आसपासच असतो.

आता सरांची शंका. चंद्र आणि सूर्य यांची ओढ पौर्णिमेला आणि अमावास्येला एका रेषेत येते, हे आपण शिकवतो ते बरोबर आहे. पण समुद्राचे पाणी जड असते, त्याला तळाचे आणि किनाऱ्याचे घर्षण असते, त्यामुळे ओढ कमाल झाल्यानंतर पाण्याचा चढ कमाल होण्यास एक ते तीन दिवस लागतात. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असला तरी उन्हाचा कडाका दोन-तीनला जाणवतो, तसेच हे. कोकणातील कोळ्यांना हे पुस्तकाविना ठाऊक असते. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे त्यांचे शब्द तिथीवरच चालतात. त्यातही सप्टेंबरच्या अखेरीस विषुवदिन असतो, सूर्य विषुववृत्तावर असतो आणि त्या सुमाराची उधाणे वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी असतात. म्हणून आठव्या महिन्याची अठरावी तिथी. आपल्या पंचांगात ती वद्य द्वितीया-तृतीयेच्या सुमारास येईल.

परंतु उधाण तर मुंबईलाही येते. तिथे पाण्याची भिंत का धावत नाही? याचे कारण हांगझोऊच्या उपसागराचा आकार. तोंडाशी त्याची रुंदी सुमारे १०० किलोमीटर आहे, आत येता येता ती २० वर येते आणि हायनिंगमधील यानक्वान गावाशी नदीचे पात्र अवघे तीनेक किलोमीटर उरते. म्हणजे हे एक प्रचंड नरसाळे आहे. शिवाय नदीच्या मुखात गाळाचा मोठा उंचवटा साचलेला आहे. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर अवलंबून असतो. पुढचे पाणी उथळावर अडखळते, मागचे खोल पाण्यातून वेगाने येऊन त्याला गाठते, आणि लाटेचे तोंड उभे राहते. उन्हाळ्यात कोरड्या पाटचारीत तलावाचे पाणी सोडतो तेव्हा पाचोळा आणि फेस पुढे ढकलत एक गढूळ काठ सरसर येतो, तो डोळ्यांसमोर आणा आणि ती चारी तीन किलोमीटर रुंद आहे असे समजा. ही जगातली सर्वांत मोठी नदीभरती गणली जाते. एरवी ती मीटर-दोन मीटर असते. मोठ्या दिवशी त्याहून बरीच उंच होते.

आणि आता लोककथा, कारण ती सणाच्या कथेपेक्षा मला अधिक महत्त्वाची वाटते. वू राज्याचा मंत्री वू झिशू याने राजा फूछायला यूए राज्यापासून सावध राहण्यास वारंवार सांगितले. राजाने ऐकले नाही, उलट ख्रिस्तपूर्व ४८४ साली त्याला तलवार पाठवून प्राण देण्यास फर्मावले आणि त्याचे शव चामड्याच्या पिशवीत घालून नदीत टाकले. पुढे अकरा वर्षांनी यूएने वूचा नाश केला. यूएचा मंत्री वन झोंग यालाही विजयानंतर त्याच्याच राजाने मरायला लावले. लोक म्हणतात, भरती म्हणजे वू झिशूचा क्रोध; तो पांढऱ्या रथात पुढे असतो आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या लाटेत वन झोंग असतो. हयातीत एकमेकांचे शत्रू असलेल्या दोन राज्यांचे दोन मंत्री लोकांनी मेल्यावर एकाच लाटेवर बसवले आहेत.

याच उपसागराच्या दक्षिणेकडील शांगयू येथे पहिल्या शतकात वांग छुंग नावाचा विचारवंत जन्मला. त्याने या कथेचा समाचार घेताना लिहिले की, भरती चंद्राच्या वाढण्या-घटण्याबरोबर वाढते-घटते, आणि विस्तीर्ण समुद्रात जे पाणी शांत असते तेच अरुंद व उथळ मुखात शिरल्यावर उसळते. गुरुत्वाकर्षणाचा पत्ता नसताना, एकोणीसशे वर्षांपूर्वी, या माणसाने चंद्र आणि नरसाळे ही दोन्ही कारणे ओळखली होती. मी सदतीस वर्षे भरती शिकवली आणि याचे नाव मला निवृत्तीनंतर कळले.

शंकेखोर

सर्वांचे लेखन उत्तम आहे, परंतु एक व्यावहारिक शंका विचारतो. समुद्रच पाहायचा असेल तर दापोली किंवा मालवण एका रात्रीच्या प्रवासावर आहे. त्यासाठी पारपत्र, व्हिसा आणि विमानाचा खर्च करून चीनला जाणे कितपत शहाणपणाचे? आणि नदीत शिरणारी भरती तर आपल्या हुगळीतही येते, तिला तिकडे बान म्हणतात.

नवेगावचे गुरुजी

शंका रास्त आहे. हुगळीच्या बानाबद्दल आपण म्हणता ते खरे. परंतु तिथे बान पाहण्याचा सण नाही. छ्येनथांगला सुंग काळापासून अठराव्या तिथीला नौदलाच्या कवायती होत आणि पट्टीचे पोहणारे हातात निशाणे धरून लाटेत शिरत. निशाणाचे टोक भिजू न देणे ही त्यांची शर्त असे. ज्याला हजार वर्षांचे प्रेक्षक लाभले आहेत असे निसर्गदृश्य जगात थोडेच असेल. आणि सरांचा पुतण्या तिथे आहे, म्हणजे राहण्याचा खर्च नाही. दापोली कुठे पळून जात नाही.

पैनगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शंकेखोर यांची शंका घरच्यांनीही काढली होती, त्यांना आता गुरुजींचे उत्तर वाचून दाखवीन.

आणखी दोन गोष्टी विचारतो. माझी आई माळकरी आहे; तिच्यासाठी मूनकेक आणला तर चालेल का? आणि कारंजेकर भाऊ, आपण भरती प्रत्यक्ष पाहिली असेल, तर नेमके कुठे उभे राहावे?

कारंजेकर

मूनकेक डोळे झाकून आणू नका, सर. पारंपरिक पारीत बहुधा डुकराची चरबी असते. कमळबियांच्या पुरणात खारवलेल्या बदकाच्या अंड्याचा बलक बसवतात, तोच त्यांचा चंद्र. झेजियांग-शांघाय भागात तर मांसाचे सारण भरलेले गरम मूनकेकही मिळतात आणि ते बाहेरून गोडासारखेच दिसतात. बौद्ध मठांतून मिळणारे शाकाहारी असतात; ते वेष्टनावरचा मजकूर पुतण्याकडून वाचून घेऊन मगच आणावेत. आईंसाठी त्यापेक्षा ओस्मॅन्थस या सुवासिक झाडाची सुकी फुले आणा. हे झाड त्याच दिवसांत फुलते, अख्ख्या हांगझोऊ शहराला त्याचा वास येतो, आणि चंद्रावर एक माणूस जे झाड अनंतकाळ तोडत बसला आहे व ज्याची खोच प्रत्येक घावानंतर भरून येते, ते झाडही हेच.

भरती मी तीनदा पाहिली. पात्रात तिच्या तीन तऱ्हा दिसतात. यानक्वानच्या पूर्वेला दाछ्वेखौ येथे दोन दिशांनी आलेल्या लाटा एकमेकींवर आपटतात. यानक्वानला ती काठापासून काठापर्यंत एका सरळ रेषेत येते. आणि पश्चिमेला लाओयानछांग येथे बांधावर आदळून उलटी फिरते. काही हौशी लोक गाडीने पुढे पुढे पळत एकाच दिवशी तिन्ही पाहतात. आपण यानक्वानलाच थांबावे. तिथे सागरदेवतेचे १७३० साली बांधलेले मंदिर आहे, जुना मनोरा आहे, आणि काठावर लोखंडी बैल बसवलेले आहेत. भरतीला शांत करण्याचे काम त्यांच्याकडे आहे. याच भागातला राजा छ्येन ल्यू याने दहाव्या शतकात भरतीवर धनुर्धाऱ्यांकडून बाण सोडवले, असे लोक सांगतात. त्याने ९१० साली बांबूच्या पिंजऱ्यांत दगड भरून सागरबांध घातला, हे मात्र इतिहासात आहे. बाणांचा उपयोग झाला की पिंजऱ्यांचा, ते ज्याचे त्याने ठरवावे. हांगझोऊमधला ल्यूह मनोराही मुळात ९७० साली भरतीच्या शांतीसाठीच उभारलेला. वेळ असल्यास तो चढून पाहावा.

अठराव्या तिथीला यानक्वानला लाट दुपारी साडेबारा ते एकच्या दरम्यान येते. तिथी तीच असली की वेळही दरवर्षी साधारण तीच असते. सकाळी नऊलाच जागा धरा, बसायला घडीचे स्टूल आणि डोक्याला टोपी न्या. आधी काहीच दिसत नाही. पात्र रिकामे, गढूळ, पाणी समुद्राकडे चाललेले. मग बोलणारी माणसे आपोआप गप्प होतात, कारण पूर्वेकडून मालगाडी पुलावरून जावी तसा आवाज येऊ लागलेला असतो. त्यानंतर क्षितिजावर खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ दिसते, ती जाड होत जाते, आणि समोरून जाते तेव्हा मातकट पाण्याचे उभे तोंड दिसते, त्याच्या माथ्यावर फेस आणि पाठीमागे खदखदणारे पाणी. सारे मिळून मिनिटभराचे काम. पण खरे पाहण्यासारखे त्याच्या नंतर आहे, आणि तेव्हा निम्मे लोक उठून गेलेले असतात. नदी उलटी वाहत असते. मघाशी पूर्वेला गेलेली एक फळी मी पश्चिमेला परत जाताना पाहिली.

दुसऱ्या वर्षी मी शहाणपणा करून लाओयानछांगला कठड्याजवळ उभा राहिलो. लाट समोरून निघून गेली म्हणून पाठ फिरवली आणि तीच लाट बांधावरून परतून माझ्या अंगावर कोसळली. पडलो, गुडघा फुटला, एक बूट गेला तो गेलाच. पहारेकरी शिट्ट्या वाजवत होते, त्या माझ्यासाठी होत्या हे मागाहून कळले. दरवर्षी तिथे माणसे वाहून जाण्याच्या घटना घडतात, म्हणून कठड्याच्या आतच राहावे आणि पात्रातल्या वाळूवर कोणी नेत असेल तरी उतरू नये.

आता आपल्या पहिल्या समुद्राविषयी. यानक्वानला दिसते ती नदी आहे, आणि पुढचा उपसागरही गाळामुळे तपकिरीच असतो. चित्रातला समुद्र मनात असेल तर सणानंतरचे दोन दिवस, २६ आणि २७, मोकळे ठेवून झौशान द्वीपसमूहातल्या पूथोशान बेटावर जा. झूज्याज्येनहून बोटीने ते अगदी जवळ आहे. चिनी बौद्धांच्या चार पवित्र पर्वतांपैकी ते एक. नावही आपल्याच ‘पोतलक’ या शब्दावरून आलेले, म्हणजे अवलोकितेश्वराचे निवासस्थान. तिकडे तो ग्वानयिन या स्त्रीरूपात पुजला जातो आणि समुद्राकडे तोंड करून तिची ३३ मीटर उंच मूर्ती उभी आहे. ‘हजार पावलांची वाळू’ या नावाचा लांबलचक किनारा आहे, तिथे बूट काढून सकाळी चालावे. पाणी तिथेही कोकणासारखे निळे नसेल, पण दुसरा काठ दिसणार नाही.

अकोटची लेक

सर, जमल्यास मातीचा ससा मिळतो का ते पाहावे. यंदा आमच्या भुलाबाईशेजारी बसवीन. काकू काय म्हणतील ते म्हणोत.

पैनगंगाकाठ

ताई, ससा बीजिंगकडचा असल्याचे कारंजेकर भाऊंनी लिहिले आहे, तरी पुतण्याला यिवूच्या बाजारात शोधायला सांगितले आहे. तिथे काय मिळत नाही, असे तो नेहमी म्हणतो.

बेत असा ठरला. २५ ला सण, २६ आणि २७ ला पूथोशान, २८ ला सकाळी नऊपासून यानक्वान, आणि ३० ला परतीचे विमान. सोंगणीचे मजूर धाकट्या भावाने २ ऑक्टोबरपासून सांगून ठेवले आहेत. सातवीच्या मुलांनी २५ ते २८ या चार दिवसांचा चंद्रोदय घड्याळ लावून पाहायचा आणि फळ्यावर लिहायचा आहे. भरतीच्या वेळा मी तिकडून रोज फोनवर कळवीन, म्हणजे शेजारच्या रकान्यात त्या मांडता येतील. आभाळ आले तर पंचांगातली वेळ लिहायची की रकाना कोरा सोडायचा, यावरून वर्गात आत्ताच दोन तट पडले आहेत.